कट कुठे मारायचा?

रील एडिट करताना आपण दर सेकंदाला कट मारतो आणि वाटतं, हा वेग आपल्याच पिढीचा. पण हे गणित शंभर वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेल्या एका पोरानं मांडलं होतं. सर्गेई आयझेनस्टाईन त्याचं नाव.

जन्म १८९८चा, रिगा शहरातला. वडील आर्किटेक्ट, म्हणून मुलगा पेट्रोग्राडला सिव्हिल इंजिनिअरिंगला गेला. तेवढ्यात क्रांती झाली. मुलगा रेड आर्मीत, वडील विरुद्ध बाजूला! याच काळात त्याला जपानी लिपीची गोडी लागली. डोळ्याचं चिन्ह आणि पाण्याचं चिन्ह शेजारी ठेवलं की अर्थ होतो रडणं. म्हणजे दोन चित्रांतून तिसरीच गोष्ट तयार होते. पुढे सिनेमातला कटही त्यानं याच पद्धतीनं समजावून सांगितला.

१९२५ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी त्यानं 'बॅटलशिप पोटेमकिन' केला. ओडेसाच्या जिन्यावरचा त्यातला सीन आजही फिल्म स्कूलमध्ये शिकवतात. वरून एका लयीत उतरणारे सैनिकांचे बूट, खाली सैरावैरा पळणारी माणसं. मध्येच एका आईचा चेहरा, फुटलेला चष्मा, घरंगळणारी बाबागाडी. लांबचा शॉट, लगेच क्लोजअप. कॅमेरामन एदुआर्द टिसेचा कॅमेरा जिन्याशेजारच्या ट्रॉलीवरून धावला. गंमत म्हणजे कट इतके भराभर असूनही जिना काही संपत नाही, कारण आयझेनस्टाईननं वेळच ताणलाय. त्यानंतर झोपलेला, जागा झालेला आणि उठलेला असे दगडी सिंहाचे तीन पुतळे पाठोपाठ दिसतात आणि चक्क दगड उठून उभा राहतो!

'अलेक्झांडर नेव्हस्की'साठी (१९३८) तर त्यानं शॉट आधी कागदावर काढले होते. आपण मात्र थेट शूटला पळतो आणि मग एडिटला बसल्यावर डोकं धरतो.

पण कात्री नेहमी त्याच्याच हातात राहिली नाही. 'बेझिन मेडो' १९३७ मध्ये सरकारनं थांबवला. 'इव्हान द टेरिबल'चा दुसरा भाग स्टालिनच्या काळात अडकला, तो थेट १९५८ मध्ये लोकांसमोर आला. आयझेनस्टाईन मात्र १९४८ मध्येच, अवघ्या पन्नाशीत, हार्टअटॅकनं गेला होता.

'बेझिन मेडो'ची मूळ फिल्म नष्ट झाली. पण त्याची बायको पेरा अताशेवा हिनं त्यातल्या शॉट्सच्या फ्रेम जपून ठेवल्या होत्या. १९६०च्या दशकात त्या ओळीनं लावून सिनेमा पुन्हा उभा केला गेला. हलणारं चित्र नाही, नुसते फोटो एकामागून एक. तरी गोष्ट कळते. कारण कट कुठे मारायचा, हे त्यानं आधीच ठरवलं होतं.