डॉ. सी. व्ही. रमण आणि माझ्या आजीचा शिंपला

तुम्ही नदीवरचा शिंपला नीट पाहिला आहे का? बाहेरून तो मळकट असतो, पण आतून चकचकीत! थोडा हलवला की हिरवा, गुलाबी, निळा असे रंग पळतात.

आमच्या घरी असा एक जुना शिंपला होता. आजीने त्याच शिंपल्याने माझ्या बाबांना लहानपणी दूध पाजलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत चित्र रंगवायला माझ्याजवळ रंग नव्हते. मला वाटलं, शिंपल्यातले रंग काढू. म्हणून मी तो फोडला आणि अर्धा तुकडा पाट्यावर वाटला. पण रंग काही निघाला नाही, नुसती पांढरी भुकटी झाली. आजी रागावली नाही, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला लय वाईट वाटलं. रंग गेले कुठे, हेही समजेना.

शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना सारं सांगितलं. गुरुजी म्हणाले की शिंपल्याच्या रंगांचा अभ्यास एका फार मोठ्या शास्त्रज्ञाने केला आहे आणि ते आपल्या नागपुरातही राहून गेले आहेत. ते म्हणजे डॉ. चंद्रशेखर वेंकट रमण. त्यांची माहिती मी गुरुजींना विचारून लिहिली आहे.

रमण यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे झाला. त्यांचे वडील कॉलेजात शिकवीत. रमण फार हुशार होते. १९०४ साली ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी. ए. ला पहिले आले. १९०७ साली त्यांना सरकारी हिशेब खात्यात मोठी नोकरी लागली. कलकत्ता, रंगून अशा बदल्या होत होत १९१० साली ते नागपूरला आले. नोकरी हिशेबाची, पण जीव सगळा प्रयोगात! कलकत्त्याला तर ते ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर प्रयोगशाळेत जात. शेवटी १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली व कमी पगारावर प्राध्यापक झाले.

१९२१ साली बोटीतून प्रवास करताना त्यांना समुद्राच्या निळ्या रंगाचा प्रश्न पडला. मग उजेडाचा अभ्यास करता करता २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी रमण परिणामाचा शोध लावला. त्याबद्दल १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो.

एवढे मोठे झाले तरी ते शिंपले बघत बसत! बंगलोरला गेल्यावर, १९३४ च्या सुमारास, त्यांनी शिंपल्यांच्या रंगांवर लेख लिहिले. १९५४ साली त्यांना भारतरत्न मिळाले. त्याच वर्षी त्यांनी शिंपले आणि मोती यांवर पुन्हा लेख लिहिले.

आता माझे रंग कुठे गेले ते सांगतो. शिंपल्यात रंग भरलेला नसतोच. आत चुन्यासारख्या पदार्थाचे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. वहीच्या एका पानाच्या जाडीत असे शंभराहून जास्त पापुद्रे मावतील. उजेड पडला की थोडा वरच्या पापुद्र्यावरून परत येतो, थोडा खालच्यावरून. ते परत एकत्र येतात तेव्हा काही रंग उठून दिसतात, काही नाहीसे होतात. शिंपला तिरपा केला की रंग बदलतो. साबणाच्या फुग्याचेही तसेच. मोत्यात हे पापुद्रे कांद्यासारखे गोल असतात. मी शिंपला वाटला, तेव्हा पापुद्र्यांची रचनाच मोडली. मग रंग कसा राहील?

२१ नोव्हेंबर १९७० रोजी रमण वारले. नागपुरात गांधीसागर तलावाजवळ त्यांच्या नावाचे रमण विज्ञान केंद्र आहे. गुरुजींनी आमची सहल तिथे न्यावी, अशी माझी विनंती आहे.

हे सारे मी आजीलाही समजावून सांगितले. तेव्हा तिने उरलेला अर्धा शिंपला मला दोन दिवसांसाठी दिला. तो या लेखाखाली ठेवला आहे. तो उजेडात तिरपा करून पाहा, पण कृपा करून घासू नका. मला तो आजीला परत द्यायचा आहे.