सुरेतले ‘फूल’ टिपणारा वैद्य

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता नागाव-चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो. या वाड्यांतला माड पिढ्यान्‌पिढ्या दोन प्रकारे उपयोगात आला. एक माड नारळासाठी राखायचा आणि दुसरा माडीसाठी. माडीच्या झाडावर भंडारी सकाळ-संध्याकाळ चढतो, पोयीला बारीक छेद देतो आणि ठिबकणारा रस भांड्यात धरतो. ही माडी उकळून, तिची वाफ थंड करून तीव्र दारू गाळण्याची विद्याही या किनाऱ्याला फार जुन्या काळापासून अवगत होती. मात्र ज्यांच्या हातात ही विद्या होती, त्यांनी ती लिहून ठेवली नाही. ती कागदावर उतरवली एका परदेशी वैद्याने. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. मुंबई बेट खंडाने घेणारा, निजामशाहाच्या दरबारात वावरणारा आणि हिंदुस्थानातील वनौषधींवर युरोपला जागे करणारा ग्रंथ लिहिणारा हा पुरुष. जे दिसले ते प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्या या माणसाला स्वतःविषयीची एक गोष्ट मात्र जन्मभर लपवावी लागली.

लिस्बनहून गोव्याकडे

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या स्पेनच्या सीमेलगतच्या गावी झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा अनेक कुटुंबे पोर्तुगालमध्ये आली. पुढे पाचच वर्षांत पोर्तुगालनेही त्यांच्यावर सक्तीने ख्रिस्ती धर्म लादला. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत. त्यांच्या नावापुढची संशयाची खूण कधी पुसली गेली नाही.

सालामांका आणि अल्काला या स्पेनमधील विद्यापीठांत ओर्ताने वैद्यकाचे शिक्षण घेतले, काही काळ गावी व्यवसाय केला आणि नंतर लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. प्रतिष्ठेचे स्थान होते, पण पायाखालची जमीन स्थिर नव्हती. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मभ्रष्टतेचा छडा लावणाऱ्या न्यायासनाची, स्थापना होण्याची चिन्हे दिसत होती. १५३४ च्या वसंतात मार्तिम अफोन्सो द सौझा या आरमारी सरदाराचा वैद्य म्हणून ओर्ता जहाजात चढला. त्याच वर्षी तो गोव्याला पोहोचला आणि पुन्हा कधीही मायदेशी परतला नाही. दोन वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झाले.

सौझाच्या मोहिमांबरोबर ओर्ताने पश्चिम किनारा पालथा घातला. दीव, वसई, मुंबईचा परिसर त्याच्या नजरेखालून गेला. आज रायगड जिल्ह्यात मोडणाऱ्या घारापुरी बेटावरची लेणी त्याने पाहिली आणि पुढे आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णनही केले. गोव्यात स्थिरावल्यावर त्याचा वैद्यकीचा लौकिक वाढला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह त्याचा रुग्ण आणि स्नेही झाला. निजामशाहीचे मोठे बंदर म्हणजे चौल. त्याच्याच लगत रेवदंड्याला किल्ला बांधण्याची परवानगी पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये मिळवली होती. घाटावरची निजामशाही आणि किनाऱ्यावरची पोर्तुगीज सत्ता यांच्यातला व्यापार याच खाडीतून चाले. औषधी द्रव्ये, सुपारी, कापड आणि घोडे या बंदरातून जात-येत. औषधांचा व्यापारही करणाऱ्या ओर्ताला माहितीचा हा मोठाच साठा होता.

१५५४ च्या सुमारास ओर्ताला मुंबई बेट वार्षिक खंडावर मिळाले. तिथल्या त्याच्या आमराईतले एक झाड वर्षातून दोनदा फळत असे, याचा त्याला मोठा अभिमान होता. या बेटावर आणि समोरच्या किनाऱ्यावर माडांची आणि ते काढणाऱ्या भंडाऱ्यांची वस्ती दाट होती. ज्या विद्येची त्याने पुढे नोंद केली, ती त्याच्या खंडाच्या जमिनीवरच नांदत होती.

फूल आणि उर्राक

१५६३ च्या एप्रिलमध्ये ओर्ताचा ग्रंथ गोव्यात छापून झाला. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा उणीपुरी सात वर्षे झाली होती. ग्रंथाचे शीर्षक लांबलचक आहे. त्याचा आशय हिंदुस्थानातील वनस्पती, औषधे आणि वैद्यकीय द्रव्ये यांविषयीचे संवाद असा. रचना नाटकासारखी आहे. रुआनो नावाचा एक काल्पनिक विद्वान स्पेनमधून येतो आणि ग्रीक-अरबी ग्रंथांच्या आधारे प्रश्न विचारतो. ओर्ता त्याला प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींच्या आधारे उत्तरे देतो. मधूनमधून अंतोनिया नावाची दासी वनस्पतीचे नमुने आणून ठेवते. प्राचीन आचार्यांचा शब्द अंतिम मानण्याच्या त्या काळात डोळ्यांवर आणि स्थानिक माणसांच्या सांगण्यावर भिस्त ठेवणे हे धाडसच होते.

यातील सोळावा संवाद नारळावर आहे. हा ग्रंथकार झाडाचे नाव माड आणि फळाचे नाव नारळ असे इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द पोर्तुगीज अक्षरांत लिहून ठेवतो. फळासाठी राखलेले माड वेगळे आणि सुरेसाठी राखलेले वेगळे, हा वाडीतला भेदही त्याच्या नजरेतून सुटत नाही. सुरेपासून गूळ होतो, उन्हात ठेवून शिरका होतो आणि ती भट्टीवर गाळली की दारू होते, हे तो क्रमाने सांगतो. गाळताना जी पहिली, तीव्र धार येते तिला फूल म्हणतात. तिच्यात बुडवलेले फडके पेट घेते. त्यानंतर येणारी सौम्य धार ती उर्राक, आणि तिच्यात थोडे फूल मिसळून ती पिण्याजोगी करतात. गोव्यात आजही काजूच्या पहिल्या, सौम्य दारूला उर्राक म्हणतात. मात्र काजूचा उल्लेख ओर्ताच्या ग्रंथात नाही. ब्राझीलहून आलेले ते झाड तेव्हा इथे नुकतेच रुजत असावे.

या चार-दोन वाक्यांमागे केवढे शास्त्र आहे, हे आज उलगडून सांगता येते. ताजी माडी काही तासांतच आंबू लागते आणि तिच्यात साधारण ४ ते ६ टक्के मद्यार्क तयार होतो. शुद्ध मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. म्हणून आंबलेला रस तापवला की पहिल्या वाफेत मद्यार्काचे प्रमाण रसातल्यापेक्षा कितीतरी अधिक असते. ही वाफ नळीतून नेऊन पाण्याने थंड केलेल्या भांड्यात उतरवली की तीव्र द्रव मिळतो. जसजसा वेळ जातो तसतसा मडक्यातला मद्यार्क संपत जातो आणि धार सौम्य होते. फूल आणि उर्राक हा भेद त्यातूनच पडतो. पेटणारे फडके ही त्या काळची मापनपट्टी होय. द्रवात पाणी फार असेल तर कापड पेट घेत नाही. तापमापक नसताना आणि काचेचे तरते मापयंत्र नसताना भंडाऱ्याने आपल्या अनुभवातून ही कसोटी बसवली होती.

मडक्याच्या भट्टीला एक मर्यादा होती. एकदा गाळून हवी तितकी तीव्रता येत नसे. त्यासाठी गाळलेली दारू पुन्हा भट्टीत घालून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गाळावी लागे. ही अडचण दूर केली ती उभ्या स्तंभाच्या भट्टीने. आयर्लंडमधील माजी अबकारी अधिकारी इनियस कॉफी याने १८३० मध्ये अशा भट्टीचे पेटंट घेतले. स्तंभात वर चढणाऱ्या वाफेचा काही भाग थंड होऊन खाली ओघळतो आणि खालून येणाऱ्या उष्ण वाफेला भेटतो. त्या प्रत्येक भेटीत पाणी खाली राहते आणि मद्यार्क वर सरकतो. म्हणजे एकाच स्तंभात अनेकदा गाळण्याची क्रिया होते. तरीही वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपलीकडे साध्या ऊर्ध्वपातनाने जाता येत नाही. तिथे पाणी आणि मद्यार्क एकत्रच उकळू लागतात. आजचा जाणकार अगदी पहिले थेंब बाजूला टाकतो, कारण त्यांत उग्र आणि अपायकारक द्रव्ये अधिक असतात. ओर्ताच्या काळी मात्र पहिल्या धारेचेच कौतुक होते.

सतरावा संवादही मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. त्यात ओर्ता पटकीच्या रोगाची लक्षणे बारकाईने देतो आणि इथले लोक त्याला मोडशी म्हणतात अशी नोंद करतो. युरोपीय वैद्याने या रोगाचे केलेले हे आरंभीच्या वर्णनांपैकी एक आहे. माड, नारळ, सुरा, फूल, मोडशी हे सारे शब्द त्याने इथल्या वैद्य, हकीम, भंडारी आणि नोकरचाकरांच्या तोंडून घेतले. विद्या ज्याची, शब्दही त्याचाच ठेवावा, ही त्याची रीत होती.

राखेतले नाव

ग्रंथाच्या आरंभी कामाँईश या तरुण कवीची एक कविता छापली होती. पुढे पोर्तुगालचा महाकवी ठरलेल्या कामाँईशची छापून आलेली ही पहिली रचना मानली जाते. १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि ओर्ताने टिपलेली माहिती युरोपभर पोहोचली.

गोव्यात मात्र वारे फिरले होते. १५६० मध्ये इन्क्विझिशन इथेही आले. ओर्ताची आई आणि बहिणी पोर्तुगालमधला छळ टाळून आधीच गोव्यात आल्या होत्या. बाहेरून ख्रिस्ती आणि घरात गुपचूप ज्यू, असे जिणे हे कुटुंब जगत होते. ओर्ताच्या ग्रंथात त्याच्या श्रद्धेविषयी चकार शब्द नाही. निजामशाह आणि व्हाइसरॉय यांच्याशी असलेल्या संबंधांचे कवच जिवंतपणी त्याला पुरले. १५६८ मध्ये तो वारला.

त्यानंतर काही काळातच त्याची बहीण कातरीना हिला अटक झाली. तिच्या जबानीतून कुटुंबाचे गुपित बाहेर आले. १५६९ च्या ऑक्टोबरमध्ये तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. न्यायासनाने मृत भावालाही सोडले नाही. १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थी उकरून काढून जाळल्या गेल्या. ज्याने किनाऱ्यावरच्या झाडापानांची इतक्या ममतेने नोंद केली, त्याला त्या किनाऱ्याच्या मातीत विसावाही मिळाला नाही.

ग्रंथ मात्र राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काउंट फिकाल्यू यांनी त्याची सटीप आवृत्ती काढली, १९१३ मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅम यांचे इंग्रजी भाषांतर आले. पणजीतील एका उद्यानाला ओर्ताचे नाव देण्यात आले.

ज्यांच्याकडून त्याने ही विद्या ऐकली, त्या भंडाऱ्यांच्या वाट्यालाही सत्तेचा फेरा आलाच. पोर्तुगीजांनी माडांवर कर बसवला. इंग्रजांच्या १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडीच्या झाडागणिक कराची आणि परवान्याची पकड घट्ट केली, दारू गाळणे उरणसारख्या ठिकाणच्या देखरेखीखालील भट्ट्यांत एकवटले आणि वाडीतली घरगुती भट्टी बेकायदा ठरली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना दारू गाळणे आजही गुन्हा आहे. घातक मिश्रणाने गेलेले बळी पाहता नियंत्रणाची गरज कोणी नाकारणार नाही. पण त्याबरोबर एक पारंपरिक कौशल्य विस्मृतीत गेले, हेही खरे.

भंडाऱ्याची कसोटी आणि त्याचा शब्द आज जुन्या पोर्तुगीज ग्रंथात सुरक्षित आहेत, ते एका परक्या वैद्याने मनापासून ऐकून घेतले म्हणून. त्याचे स्वतःचे सत्य ऐकून घेणारे मात्र त्या काळी कोणी नव्हते.