सहकारातले धनंजयराव

शाळेत आपण धनंजयराव गाडगीळ हे नाव अर्थशास्त्रज्ञ म्हणून पाठ केले. मला ते खरे समजले ते आरोंद्यात सोसायटीच्या कामात पडल्यावर.

धनंजयरावांचा जन्म 10 एप्रिल 1901 रोजी नाशिकला झाला. केंब्रिजला शिकून ते परतले आणि 1930 साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले. पुढची अनेक वर्षे त्यांनी शेतकऱ्यांचे कर्ज, बाजार आणि उत्पन्न यांचा अभ्यास केला.

तिकडे नगर जिल्ह्यात लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923 पासून गावाची पतपेढी चालवली होती. कर्ज घेणारा आणि जामीन राहणारा एकाच गावचे, एकमेकांना ओळखणारे. या ओळखीच्या पायावर पुढे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. 1950-51 साली तिथे पहिला गळीत हंगाम झाला. अध्यक्षपदी धनंजयराव होते आणि पहिली सुमारे दहा वर्षे त्यांनी ते सांभाळले. मला यातले मर्म असे दिसते की ते कुणाच्या भावकीतले नव्हते, म्हणून सगळ्यांना आपले वाटले.

सहकारी कारखान्यात सभासदच मालक, तोच ऊस घालणारा आणि तोच मतदार. गुळाला भाव चढला म्हणून त्याने ऊस दुसरीकडे नेला, तर स्वतःचाच कारखाना उपाशी राहतो. शेअर थोडे असोत की जास्त, मत एकच. हा विश्वास टिकला तरच संस्था टिकते.

1967 मध्ये धनंजयराव नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. ते पद सोडून दिल्लीहून पुण्याला येताना, 3 मे 1971 रोजी, रेल्वेतच त्यांचे निधन झाले.

आमच्या भागातली एक संस्था माझ्या डोळ्यांदेखत बंद पडली. तिच्या वह्या चोख होत्या, कर्जही फारसे थकले नव्हते. दोन घरांत अबोला आला. एकाने काजू घालणे सोडले, दुसऱ्याने सभेला येणे. मग बाकीचेही पांगले.

या मेळाव्यात माजी विद्यार्थ्यांची पतसंस्था काढण्याचा विषय आहे. भांडवल जमेल, मुंबईकर आणि गोव्यातले मित्र हात आखडणार नाहीत. पण वर्षाची सभा चुकवायची नाही, हिशेब सर्वांसमोर वाचायचा आणि रुसलेल्याच्या घरी आधी आपण जायचे, एवढे ठरवूनच पहिला शेअर घेऊया. आपल्या गुरुजनांपैकी कुणी अध्यक्षपद स्वीकारले, तर फारच बरे होईल.