अकिरा कुरोसावा : हरूनही उभा राहिलेला दिग्दर्शक

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. हा लेख इंग्लिश विभागाला देता आला असता, पण होस्टेलवर रात्री दोन वाजता आपण मनातलं बोलतो ते मराठीतच, म्हणून इथेच देते आहे.

मागच्या वर्षी माझं वर्ष गेलं. एम-थ्री आणि त्याच्यासोबत आणखी काही केट्या. माझ्या बॅचच्या मुली थर्ड इयरला गेल्या आणि मी सेकंड इयरलाच राहिले. मेसमध्ये त्यांच्यासमोर बसायची लाज वाटायची, म्हणून मुद्दाम उशिरा जायचे. त्या दिवसांत रूममेटच्या हार्ड डिस्कवर ‘सेव्हन सामुराई’ सापडला. जपानी, ब्लॅक अँड व्हाइट, २०७ मिनिटांचा. खरं सांगू? साडेतीन तास कोणाशी बोलावं लागणार नाही, एवढ्याच कारणासाठी मी तो लावला. संपला तेव्हा पहाट झाली होती आणि मला हा माणूस कोण, हे जाणून घ्यायचं होतं.

अकिरा कुरोसावा यांचा जन्म २३ मार्च १९१० रोजी टोकियोत झाला. आठ भावंडांत सगळ्यात धाकटे. वडिलांचं घराणं मूळचं सामुराईंचं, घरात शिस्त कडक. पण त्या काळी सिनेमा वाईट समजला जात असताना हेच वडील पोरांना घेऊन सिनेमाला जायचे. लहानपणी अकिरा अभ्यासात मागे आणि सारखा रडणारा. त्याची चित्रं बघून वर्गातली मुलं हसली, पण तचिकावा नावाच्या शिक्षकांनी त्याच चित्रांचं भरभरून कौतुक केलं. तिथून गाडी रुळावर आली. (आमच्या सरांनी हे वाचावं ही नम्र विनंती!)

१९२३ मध्ये टोकियोत महाभयंकर भूकंप झाला. अकिरा तेरा वर्षांचा होता. मोठा भाऊ हेइगो त्याला हाताला धरून उद्ध्वस्त शहर बघायला घेऊन गेला. सगळीकडे प्रेतं होती. अकिराने तोंड फिरवलं की भाऊ त्याला नीट बघायला लावायचा. डोळे मिटले तर भीती वाढते, उघडे ठेवले तर जाते, हा भावाचा धडा पुढे आयुष्यभर पुरला.

हा हेइगो मूकपटांचा निवेदक होता. पडद्याशेजारी उभं राहून तो प्रेक्षकांना गोष्ट सांगायचा. बोलपट आले आणि हा धंदाच बुडाला. १९३३ मध्ये हेइगोने आत्महत्या केली. ज्या तंत्राने भावाची नोकरी खाल्ली, त्याच तंत्रात अकिराने पुढे नाव काढलं. आपण इंजिनिअर होणारी मंडळी, आपण यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

चित्रकार व्हायचं होतं, पण त्यात पोट भरेना. १९३६ मध्ये ते एका स्टुडिओत सहायक दिग्दर्शक म्हणून लागले. गुरू मिळाले काजिरो यामामोतो. पटकथा, एडिटिंग, सेटवरची हमाली, सगळं त्यांनी करून घेतलं. १९४३ मध्ये ज्यूडोवरचा ‘सान्शिरो सुगाता’ हा पहिला चित्रपट आला. १९४८ च्या ‘ड्रंकन एंजल’मध्ये तोशिरो मिफुने भेटले आणि पुढच्या सतरा वर्षांत दोघांनी मिळून सोळा चित्रपट केले.

मग आला ‘राशोमोन’ (१९५०). जंगलात एक खून होतो आणि चार जण चार वेगळ्या गोष्टी सांगतात. वेशीवरचा पाऊस कॅमेऱ्यात दिसेना, तेव्हा पाण्यात काळी शाई मिसळली! हे वाचून मी थक्क झाले. कॉन्ट्रास्टचा प्रॉब्लेम, त्यावर किती साधं सोल्युशन. १९५१ मध्ये या चित्रपटाला व्हेनिसचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि जगाला जपानी सिनेमाचा शोध लागला.

‘सेव्हन सामुराई’ (१९५४) च्या वेळी बजेट इतकं फुगलं की स्टुडिओने काम मध्येच थांबवलं होतं. शेवटची लढाई भर थंडीत, चिखलात, कृत्रिम पावसात घेतली. तीही एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून, कारण अशी लढाई पुन्हापुन्हा तशीच करून घेणं शक्य नव्हतं. टेलिफोटो लेन्समुळे घोडे अगदी अंगावर येतात. ‘थ्रोन ऑफ ब्लड’ (१९५७) मध्ये मिफुनेंच्या आजूबाजूला खरे बाण मारले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती खोटी नाही!

ही स्टाइल जगभर पोचली. ‘सेव्हन सामुराई’वरून हॉलिवूडने ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ केला. आपल्या ‘शोले’तली गाव वाचवायला भाड्याने माणसं आणण्याची कल्पनाही त्याच घराण्यातली. ‘योजिम्बो’ (१९६१) वरून इटलीत न विचारता वेस्टर्न निघाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) मधून ‘स्टार वॉर्स’ला खाद्य मिळालं.

पण हे कुरोसावा काही देवमाणूस नव्हते. सेटवर त्यांचा दरारा इतका की लोक मागे त्यांना ‘सम्राट’ म्हणायचे. ‘रेड बिअर्ड’ (१९६५) दोन वर्षं रेंगाळला. तेवढा काळ मिफुने ती दाढी सांभाळत बसले, दुसरं काम घेता येईना. त्यानंतर दोघांनी पुन्हा एकत्र चित्रपट केला नाही.

आणि इथून उतरण लागली. कोणी पैसे देईना. हॉलिवूडच्या ‘तोरा! तोरा! तोरा!’वरून त्यांना काढून टाकलं. ‘दोदेस्कादेन’ (१९७०) हा पहिला रंगीत चित्रपट साफ पडला. डिसेंबर १९७१ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

इथे मी वाचन थांबवलं होतं. ‘राशोमोन’ केलेल्या माणसालाही आता आपला काही उपयोग नाही असं वाटू शकतं, तर माझं काय? पण गोष्ट इथे संपत नाही, म्हणूनच हा लेख लिहिला. काम मिळालं ते परक्या देशातून. सोव्हिएत स्टुडिओने बोलावलं आणि सायबेरियाच्या थंडीत त्यांनी ‘देर्सू उझाला’ (१९७५) केला. त्याला ऑस्कर मिळालं. ‘कागेमुशा’ (१९८०) साठी त्यांचेच चाहते, जॉर्ज लुकास आणि कोपोला, मदतीला धावले. पैसे नव्हते त्या काळात ‘रान’च्या (१९८५) फ्रेम्स त्यांनी रंगांनी कागदावर काढून ठेवल्या होत्या. चित्रकार होता आलं नव्हतं ना, ती चित्रं अशी कामाला आली. ‘रान’च्या शूटिंगदरम्यान पत्नी गेली, नजर अधू होत होती, तरी पंचाहत्तरीत तो चित्रपट पुरा केला. पुढे आणखी तीन केले. ६ सप्टेंबर १९९८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते गेले.

त्या डिसेंबरनंतर त्यांनी सहा चित्रपट केले. सहा! मी हा आकडा माझ्या टेबलावर लिहून ठेवला आहे.

एम-थ्री पुन्हा दिला आहे, निकाल लागायचा आहे. पास झाले तर पार्टी, नाही तर पुन्हा देईन. मेसला मात्र आता वेळेवर जाते. ‘सम्राटा’लाही पुन्हा उभं राहायला दुसऱ्यांचा हात लागला होता, तर आपल्याला लागला म्हणून काय बिघडलं? तुमच्या विंगमध्ये कोणी मेसला उशिरा येत असेल, दार लावून बसत असेल, तर दार वाजवा. आणि काय बोलावं सुचलं नाही, तर साडेतीन तासांचा एक सिनेमा सोबत बसून बघा. हार्ड डिस्क माझ्या रूममेटकडे आहे.