फर्स्ट क्लास मेकॅनिकल : डॉ. होमी भाभा

उरणला घरी जाताना मी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडते. थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. लहानपणी बाबा तिकडे बोट दाखवून बीएआरसी म्हणायचे आणि मला ती मोठी फॅक्टरी वाटायची. ज्यांचं नाव त्या संस्थेला आहे ते शिकून मेकॅनिकल इंजिनिअर होते, हे कॉलेजात आल्यावर कळलं.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, सुखवस्तू पारशी घरात झाला. वडील वकील, आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. मुलाने केंब्रिजला इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात रुजू व्हावं, असं घरच्यांनी ठरवूनच टाकलेलं. १९२७ साली होमी केंब्रिजला गेले खरे, पण वर्षभरातच त्यांनी वडिलांना पत्राने कळवलं की आपलं मन फिजिक्समध्ये आहे. मित्रांनो, असं पत्र आपल्या हॉस्टेलच्या निम्म्या रूम्समध्ये मनातल्या मनात लिहिलं जातं, पोस्टात मात्र कोणी टाकत नाही! वडिलांनी अट घातली : आधी मेकॅनिकलला फर्स्ट क्लास आण, मग गणिताचा खर्च मी करतो. १९३० साली फर्स्ट क्लास आला आणि वडिलांनी शब्द पाळला.

१९३२ साली केंब्रिजच्याच कॅव्हेंडिश लॅबमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी काही लाख व्होल्टच्या विभवांतरातून प्रोटॉन पळवून लिथियमचं केंद्रक फोडलं. यातले कॉकक्रॉफ्ट मुळात इलेक्ट्रिकलवाले! विभवांतर म्हणजे आपलं पोटेन्शियल डिफरन्स. मी कॉन्व्हेंटची, मलाही हा शब्द हल्लीच कळला. तत्त्व बारावीचंच आहे. कणाचा भार गुणिले विभवांतर, तेवढी गतिज ऊर्जा कणाला मिळते. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून व्होल्ट चौपट केले तर वेग फक्त दुप्पट होतो. स्थिर इलेक्ट्रॉन १०० व्होल्टमधून गेला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० किलोमीटर होतो.

फर्स्ट इयरच्या ओरलला मला दहा लाख व्होल्टसाठी वेग विचारला. मी बिनधास्त फॉर्म्युला लावला आणि उत्तर प्रकाशाच्या जवळजवळ दुप्पट आलं. सर नुसते हसले. खरं उत्तर प्रकाशाच्या सुमारे ९४ टक्के. इथे आइन्स्टाईन आडवा येतो : व्होल्ट वाढवाल तशी ऊर्जा वाढतच जाते, वेग मात्र प्रकाशाच्या अलीकडेच अडतो.

भाभांचं काम नेमकं या टोकाचं. कॉस्मिक किरणांतल्या कणांची ऊर्जा अब्जावधी इलेक्ट्रॉनव्होल्ट. तेव्हाचं कुठलंही मशीन ती देऊ शकत नव्हतं. असा एक इलेक्ट्रॉन हवेत शिरला की त्यातून फोटॉन, फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, त्यातून पुन्हा फोटॉन, असा कणांचा पाऊस कसा पडतो ते भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ साली मांडलं.

१९३९ साली ते सुट्टीवर भारतात आले, तोच युद्ध सुरू झालं. मग बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत राहिले आणि पुढे इथेच थांबायचं ठरवलं. १९४५ साली टीआयएफआर सुरू केली, १९४८ साली अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ५५ लाख व्होल्टचा व्हॅन डी ग्राफ ॲक्सिलरेटरही आला. एवढ्या विभवांतरातून सुटलेला प्रोटॉन सेकंदाला साधारण ३२,००० किलोमीटर धावतो. कॅव्हेंडिशमधलं ते तंत्र असं आमच्या खाडीपलीकडे येऊन पोचलं.

भाभा चित्रं काढायचे, पाश्चात्त्य संगीत ऐकायचे, बांधकामाच्या आड येणारी झाडं तोडण्याऐवजी दुसरीकडे हलवून लावायला सांगायचे. लग्न केलं नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर विमान कोसळून ते गेले, वय अवघं ५६. १९६७ साली ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं.

त्यांच्या पाठीशी टाटांचं घर होतं, आपल्या पाठीशी एज्युकेशन लोन आहे, हे मान्य. पण वैतागून त्यांनी मेकॅनिकल अर्धवट सोडलं नाही; आधी फर्स्ट क्लास आणला आणि मगच हवं ते केलं. मलाही बी.ई. झाल्यावर फिजिक्स करायचंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी नेईन तेव्हा हेच पान उघडून त्यांच्या हातात देणार आहे.