टुनटुनीचे चरित्रकार : उपेंद्रकिशोर रायचौधुरी

बालवाङ्‌मयाचा विचार करताना बंगालच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचे स्मरण अगत्याने करावे लागते. बालकाच्या हाती जाणारे पुस्तक मोठ्यांच्या ग्रंथाहून अधिक काळजीने सिद्ध झाले पाहिजे, या जाणिवेने त्यांचे सारे आयुष्य व्यापलेले होते.

त्यांचा जन्म १८६३ साली, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंग जिल्ह्यातील मसूया गावी झाला. मूळ नाव कामदारंजन. बालवयातच एका जमीनदार आप्ताने त्यांना दत्तक घेतले आणि ते उपेंद्रकिशोर झाले. पुढे कलकत्त्यास येऊन १८८४ मध्ये त्यांनी बी.ए. ची पदवी मिळवली. चित्रकला आणि व्हायोलिनवादन यांचा व्यासंग अखेरपर्यंत टिकला.

मुलांसाठी लिहिलेल्या रामायणात त्यांनी स्वतः चित्रे काढली. परंतु लाकडी ठशांवरून छापताना ती पार बिघडली. दुसऱ्या कोणी नशिबाला बोल लावला असता. उपेंद्रकिशोरांनी १८९५ च्या सुमारास इंग्लंडहून यंत्रसामग्री मागवली आणि मुद्रणशास्त्राचाच अभ्यास आरंभला. चित्रातील छायाप्रकाश जाळीच्या काचेतून लहानमोठ्या ठिपक्यांत उतरवण्याची हाफटोन पद्धत त्यांनी आत्मसात केली, तिच्यात स्वतंत्र संशोधन केले आणि त्यावरील त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात प्रसिद्ध झाले.

१९१० मध्ये त्यांचे ‘टुनटुनिर बोइ’ प्रकाशित झाले. दिवेलागणीच्या वेळी न जेवताच पेंगणाऱ्या मुलांना जागे ठेवण्यासाठी पूर्व बंगालमधील स्त्रिया ज्या गोष्टी सांगत, त्या त्यांनी सोप्या घरगुती भाषेत आणि चित्रांसह मांडल्या. टुनटुनी म्हणजे आपला शिंपी पक्षी. वांग्याच्या झाडावर पान शिवून तिने घरटे केले आहे. पिल्ले उडू लागेपर्यंत ती मांजरीपुढे अदबीने वाकते; पिल्लांच्या पंखांत बळ आल्यावर मात्र मांजरीला लाथ दाखवून उडून जाते. चवताळलेल्या मांजरीच्या वाट्याला वांग्याचे काटे तेवढे येतात. पाखराची शिवणकला आणि पिल्लांसाठी थांबणे हे निसर्गातले, तर शहाणपण लोककथेतले. दोहोंची शिवण कोठेही उसवत नाही.

याच पुस्तकात मगर आपली सात पिल्ले कोल्हेपंडिताच्या शाळेत घालते. पंडित रोज एक पिल्लू फस्त करतो आणि उरलेलेच पुन्हापुन्हा दाखवून सातचा हिशेब पुरा करतो! शाळेच्या स्मरणग्रंथात ही कथा सांगणे धाडसाचेच. पण पालकांनी आणि शिक्षकांनीही ती विसरू नये.

१९१३ मध्ये त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. या शब्दाचा एक अर्थ वार्ता, दुसरा बंगाली मिठाई. मासिकात ज्ञान आणि गोडी दोन्ही होती. अवघ्या दोन वर्षांनी, २० डिसेंबर १९१५ रोजी, मधुमेहाने त्यांचे निधन झाले. पुत्र सुकुमार यांनी मासिक पुढे चालवले. आजोबांना कधीही न पाहिलेल्या सत्यजित राय यांनी, मध्यंतरी बंद पडलेला ‘संदेश’ १९६१ मध्ये पुन्हा सुरू केला.

घरातील आजीची भाषा मुलाच्या पहिल्या पुस्तकात सन्मानाने उतरावी, यासाठी उपेंद्रकिशोरांनी आपली सारी विद्या वेचली. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीतून अक्षरे गिरवलेल्या आपणा सर्वांना त्या श्रमांचे मोल निराळे सांगावयास नको.