म्युनिसिपालिटीतील जोतीराव
(द्वितीय वर्ष, कला)

महात्मा जोतीराव फुले म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १८४८ सालची भिडे वाड्यातील मुलींची शाळा उभी राहते. शाळेत असताना दर ११ एप्रिलला आम्ही त्यांच्यावर भाषणे केली. भाषणात शाळा असे, सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलेले शेण असे आणि शेवटी टाळ्या असत. पण जोतीराव काही वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते, हे मला कॉलेजच्या ग्रंथालयात बसेपर्यंत कुणी सांगितले नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. नगरपालिकेचा एखादा कागद घरी आला की तो वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असते. त्यामुळे जोतीरावांच्या चरित्रातले हे प्रकरण मी जरा जास्तच आवडीने वाचले.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराणे मूळचे गोऱ्हे, पण पेशव्यांना फुले पुरवीत म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. वडील गोविंदराव फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा करीत. आई चिमणाबाई लहानपणीच वारली. मुलाला शाळेतून काढून मळ्यात घातले होते, ते गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांनी गोविंदरावांचे मन वळवल्यामुळे पुन्हा शाळेत गेले. पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. मुलींसाठी आणि अस्पृश्यांसाठी शाळा, १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ साली 'गुलामगिरी' आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज. हे सर्व करीत असताना पोटासाठी ते कंत्राटदारी करीत. सरकारी बांधकामाला माल पुरवीत. बांधकामावरच्या मजुराचा पैसा मधल्या मध्ये कसा जिरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्युनिसिपालिटीत जाताना हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. सार्वजनिक पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

१८७६ साली सरकारने त्यांना सभासद नेमले. त्या काळी नगरपालिकेसाठी निवडणूक नव्हती. सरकार शहरातील वजनदार मंडळींतून सभासद निवडीत असे. सरदार, सावकार, पेन्शनर अशा मंडळींत गंज पेठेतला हा माळी जाऊन बसला. ज्याला सरकारने नेमले त्याने सरकारला न दुखवता बसावे, अशीच रीत असणार. आजही आमच्या गावच्या सभेत ठराव वाचला जातो, माना हलतात आणि चहा येतो, हे मी प्रेक्षकांत बसून पाहिले आहे. म्हणून पुढची हकीकत मला फार मोठी वाटते.

लॉर्ड लिटन तेव्हा हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांची स्वारी पुण्यास यायची होती. शहर शृंगारावे, स्वागत थाटाने करावे, म्हणून म्युनिसिपालिटीच्या तिजोरीतून हजार रुपये खर्च करण्याची सूचना अध्यक्षांनी मांडली. जोतीराव उभे राहिले. कर भरणाऱ्यांचा पैसा अशा मिरवणुकीत घालवण्यापेक्षा पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणावर घालावा, असे त्यांचे म्हणणे पडले. मत घेतले तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत त्यांचे एकट्याचेच होते. सूचना अर्थातच मंजूर झाली. ज्या सरकारने खुर्ची दिली त्याच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याच्या स्वागताला नाही म्हणताना त्यांना काय वाटले असेल? आपण हरणार हे त्यांना आधीच माहीत असले पाहिजे. तरीही हात वर केला!

दुसरा प्रसंग दारूच्या दुकानांचा. पुण्यात दारूची दुकाने वाढत चालली होती आणि वस्तीत नवी दुकाने उघडत होती. जुलै १८८० मध्ये जोतीरावांनी व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना, प्लंकेटसाहेबांना, पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा साधा, पण अडचणीत टाकणारा होता. लोकांच्या आरोग्यासाठी म्युनिसिपालिटी माणसे ठेवते, पैसा खर्च करते, आणि त्याच लोकांचे आरोग्य व संसार बुडवणारी दुकाने तिच्या हद्दीत राजरोस वाढतात, याचा मेळ कसा घालायचा? अबकारीचे उत्पन्न सरकारला हवे होते. परवाने सरकारचे, तेव्हा आपण काय करणार, असे म्हणून म्युनिसिपालिटीला हात झटकता आले असते. जोतीरावांनी ते झटकू दिले नाहीत. सुरक्षितता म्हणजे रस्त्यावरचा दिवा आणि गल्लीतला झाडूवाला एवढेच नसून घरातल्या बाईमुलांचीही सुरक्षितता आहे, हे त्यांना दिसत होते. ज्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असे दुकान आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

याच काळात १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला. सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवले, आणि जोतीरावांनी त्यासाठी मदतीचे आवाहन काढले. पाण्याच्या बाबतीत तर ते सभासद होण्याआधीच पुढे गेले होते. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात यायला १९२३ साल उजाडले. महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठरावही पुढे केला, पण तिथले पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घ्यायला १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. कागदावरचा ठराव आणि ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते ते यावरून समजते.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी शिक्षणाविषयी निवेदन दिले. त्याखाली सही करताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल सभासद अशी लिहिली. ग्रंथकार नाही, समाजसुधारकही नाही. निवेदनात एक गोष्ट मोठी विचार करण्यासारखी आहे. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च म्युनिसिपालिट्यांनी करावा, पण त्या शाळांचा कारभार मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, वर शिक्षण खात्याची देखरेख हवी, असे त्यांनी सुचवले. स्वतः सभासद असलेल्या माणसाने आपल्याच संस्थेवर लक्ष ठेवा म्हणून सांगावे, याला धैर्य तर लागतेच, पण ती सभा आतून पाहिलेलीही असावी लागते. बत्तीसांत एकटे पडल्यावर हे शहाणपण आले असेल, असा माझा तर्क आहे.

'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्यात शहरात गाडीभर माळवे घेऊन आलेल्या शेतकऱ्याची दशा वर्णन केली आहे. दलालांची फसवणूक आणि म्युनिसिपालिटीची जकात यांतच मालाचे पैसे जातात आणि गाडीभाडे पदरचे भरून तो रिकाम्या हाताने घरी परततो. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. जकात आता गेली. पण कोथिंबिरीची पट्टी वडील घरी आणतात, तिच्यावर हमाली, तोलाई आणि भाडे वजा जाऊन राहिलेला आकडा मीच त्यांना वाचून दाखवतो. एका हिवाळ्यात तो आकडा उणे होता. मी तो दोनदा वाचला.

पुण्यात शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भाजीबाजार भरत असे. त्याऐवजी मोठी पक्की मंडई बांधण्याचे म्युनिसिपालिटीने ठरवले, तेव्हाही जोतीरावांनी विरोध केला. हरि रावजी चिपळूणकर त्यांच्या बाजूने होते. इमारतीत पैसा ओतण्यापेक्षा तो मुलांच्या शिक्षणाला लावा, हेच पुन्हा म्हणणे. येथे माझे मत थोडे निराळे आहे. उन्हापावसात बसणाऱ्या बाईला डोक्यावर छप्पर हवेच, आणि भाजीवाल्याच्या मुलाने छपराला विरोध करावा याचे मला प्रथम नवल वाटले. पण खर्च कुणासाठी आणि आधी कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न टाळता येत नाही. इथेही ते हरले. १८८६ साली मंडई उभी राहिली आणि गव्हर्नर रे यांचे नाव तिला मिळाले.

१८८८ साली मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला. डाव्या हाताने लिहून त्यांनी शेवटचा ग्रंथ पुरा केला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी देह ठेवला. सात वर्षांनी पुण्यात प्लेग आला. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करू लागल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या.

मंडईचे नाव पुढे बदलले. आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या खटपटीने रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. मी सातवीत असताना वडिलांबरोबर पुण्याला मामांकडे गेलो होतो, तेव्हा ती इमारत प्रथम पाहिली. वडिलांना वाचता येत नाही. पाटीवर काय लिहिले आहे असे त्यांनी विचारले, मी नाव वाचून दाखवले. मग त्यांनी विचारले, फुल्यांनी बांधली का ही? मी हो म्हणून सांगितले होते. आता दिवाळीला घरी गेलो की खरे काय ते त्यांना सांगणार आहे.